पहिल्या कळेनंतर

मंडळीची पत्रं वाचून दाखवणारा वाचक दारात येऊन उभा राहिला तेव्हा सुईण नाळ कापायची सुरी दगडावर घासत होती. तिला वाटलं, कुणाचं तरी बोलावणं आलं. ती उठून ओढणी शोधायला लागली.

"कुणाची बायको?" तिनं विचारलं.

"कुणाची नाही, मावशी. मला फक्त एक विचारायचं होतं." वाचक जरा अवघडला. पस्तिशीचा, अजून लग्न न झालेला माणूस. "पहिली कळ आल्यापासून मूल बाहेर येईपर्यंत किती वेळ जातो?"

सुईणीला हसू आवरेना. "तुम्हाला काय करायचंय हो ते?"

"आहे काम."

"पहिलटकरीण असेल तर एक दिवस धरा. कधी दोनही लागतात. आणि कधी कळा येतात, बाई किंचाळून गल्ली गोळा करते, मग सगळं थांबतं. ती उठते, पीठ मळायला बसते, आणि मूल येतं तीन आठवड्यांनी. त्या खोट्या कळा. अशा वेळी मी तिथे रात्रभर बसले असेन तर माझी कंबर तेवढी खरी दुखते."

पण 'एक दिवस' ऐकल्यावरच वाचकानं मान हलवली होती. पुढचं त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. तो घाईनं निघून गेला आणि सुईणीनं सुरी पुन्हा दगडावर धरली.

सुईण लेक-जावयाकडेच राहायची, आणि जावयाची दोर वळायची लांब पडवी घराला लागूनच, बंदराजवळ होती. तिथे आठवड्यातून एकदा वीस-बावीस माणसं जमत. निम्मी जन्मानं यहुदी, सुईणीसारखी, आणि निम्मी इतर: एक कातडी कमावणारा, दोन हमाल, मासे खारवणाऱ्या तिघी बहिणी. वीस वर्षांपूर्वी सुभेदारानं क्रूसावर मारलेला आपला प्रभू हाच मसीहा, देवानं त्याला मेलेल्यांतून उठवलं, आणि आता तो मेघांवरून परत येणार, असं ही माणसं मानत. तो आला की तुतारी वाजेल, जुनं जग संपेल, मेलेले उठतील. दूरच्या गावांतल्या अशाच मंडळ्यांकडून पत्रं येत. ती घडाघडा वाचता येणारा एकच माणूस होता, म्हणून त्याचं नाव वाचकच पडलं होतं.

सुईणीचा विश्वास वरवरचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा तापानं गेला. शेवटच्या दिवशी त्यानं तिचा हात धरून सांगितलं होतं, "थोडेच दिवस गं. मग उठवतीलच मला." ती रोज सकाळी दार उघडताना आधी आभाळाकडे बघायची, मग रस्त्याकडे.

पुढच्या बैठकीत वाचक उभा राहिला. त्याच्या हातात नवं पत्र होतं.

"पत्रात लिहिलंय, जगाला प्रसूतीच्या वेणा लागल्यात," तो म्हणाला. "आपल्या जुन्या द्रष्ट्यांनीही हेच सांगितलंय. आता तुम्हीच बघा. गेल्या साली भूकंप झाला. ती पहिली कळ. मग दुष्काळ. मग टेकडीखाली सैन्याची छावणी पडली. कळा जवळजवळ यायला लागल्यात. जुन्या दर्शनांत देवाचा एक दिवस म्हणजे माणसांचं एक वर्ष. आणि पहिल्या कळेपासून जन्मापर्यंत एक दिवस जातो. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. आपल्या मावशींना विचारून घेतलंय, आणि त्यांनी दोनशे बाळंतपणं केलीत."

सगळ्या माना सुईणीकडे वळल्या.

"भूकंपाला वर्ष होतंय येत्या नव्या चंद्राच्या दिवशी," वाचक म्हणाला. "अकरा दिवस राहिले."

"अहो, मी दोन दिवसही म्हणाले होते! आणि खोट्या कळांचं..."

"देव दया करून वेळ कमी करील, मावशी. वाढवणार नाही."

मग रडणं, हसणं, गाणं, सगळं एकदमच सुरू झालं. मासेवाल्या बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सुईण उभी होती तशीच उभी राहिली. तिचं कुणी ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर, तिलाही मोठ्यानं ओरडायचं नव्हतं. अकरा दिवस. नवरा अकरा दिवसांनी दारात उभा राहणार असेल, तर आपण कोण नाही म्हणणार?

मग तिची नजर लेकीवर गेली.

लेकीला सगळे चिमणी म्हणत. लहानपणी ती वीतभर होती, म्हणून. आता ती पडवीच्या खांबाला टेकून बसली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून. आठवा संपत आला होता. दिवस भरायला चार-पाच आठवडे होते. सगळे गात होते आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

दुसऱ्या दिवशी जावयानं काम बंद केलं. एका गलबतवाल्याचा नांगराचा दोर अर्धा वळून झाला होता. तो तसाच आकड्यावर लटकत राहिला. दोर वळायला साठवलेला वाख त्यानं शेजारच्या दोरवाल्यांना वाटून टाकला. तीन पिढ्यांची चाकं होती, तीही देऊन टाकणार होता, पण ती उचलायला कुणी आलं नाही.

"जावईबापू, निदान बाळंतपणापुरतं तरी घरात काही राहू द्या," सुईण म्हणाली.

"कशाला, सासूबाई? नवं जग येतंय. तिथे दोर कशाला बांधायचेत?" तो इतका आनंदात होता की त्याच्यावर रागावताही येईना.

त्या दुपारी चिमणीनं दार लावून घेतलं आणि आईसमोर बसली.

"आई, तुझ्याकडे ते काळं मूळ आहे ना? कळा आणणारं?"

सुईणीनं निवडायचं सूप पुढ्यात ओढलं.

"आई, बाळाला काढ. त्या दिवसाच्या आधी."

"डोकं फिरलंय का तुझं? अजून महिनाभर आहे त्याला."

"महिना कुठे आहे, आई? दहा दिवस आहेत." चिमणीचा आवाज अगदी शांत होता, त्याचीच सुईणीला जास्त भीती वाटली. "पत्रात काय आहे? मेलेले उठतील आणि जिवंत असलेले बदलतील. माझं बाळ मेलेलं नाही. पण ते जन्मलेलंही नाही. त्याला नाव नाही. हाक मारली तर कोणत्या नावानं मारतील? मी बदलून वर जाईन आणि हे..." तिनं पोटावर हात दाबला. "हे कुठे जाईल?"

सुईण म्हणाली, "आता काढलं तर कदाचित ते श्वासच घेणार नाही. आणि तू रक्तानं जाशील. मी पाहिलंय असं."

"मेलो तर दोघं उठू ना. मेलेल्यांचं लिहिलंय पत्रात."

सुईण उठली. औषधांची पेटी तिनं माळ्यावर टाकली आणि शिडी शेजारणीकडे नेऊन ठेवली. पण तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जेवताना घास फिरायचा. लेक न्हाणीत जरा जास्त वेळ राहिली की ती दाराशी जाऊन खोकायची. आणि सगळ्याच्या तळाशी एकच टोचणी: एक दिवस, हे माझ्या तोंडून गेलं.

तिनं वाचकाला गाठलं. "पोटातल्या मुलांचं काय?"

वाचक गोंधळला. त्यानं सगळी पत्रं काढून पुन्हा चाळली. "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. मग हळूच, "मी विचारच केला नव्हता."

चार दिवस उरले तेव्हा सुईण दिराकडे गेली.

दीर पोथ्या नकलून देणारा लेखनिक होता. भाऊ नव्या मंडळीत गेला म्हणून तो चिडला होता, आणि भावाच्या मातीनंतर दोन वर्षं त्यानं वहिनीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. त्याची खोली यहुद्यांच्या सभागृहाच्या मागे होती. कातड्याचा आणि शाईचा वास, खिडकीशी तिरपी फळी, भिंतीत कोनाडे आणि कोनाड्यांत गुंडाळ्या.

"वहिनी?" तो उठून उभा राहिला. "चिमणी बरी आहे ना?"

त्यानं आधी लेकीचं विचारलं, एवढ्यावरच सुईणीला रडू फुटलं. तिनं सगळं सांगितलं. वाचकाचा प्रश्न, आपलं उत्तर, काळं मूळ, सगळं.

लेखनिक बोटांवरची शाई चोळत होता. "भाऊजी, तुम्ही आम्हाला मूर्ख म्हणाल," ती म्हणाली.

"म्हणायचो. तुमच्या नवऱ्याला म्हणालो होतो आणि तो तसाच गेला. म्हणून आता म्हणत नाही." तो कोनाड्याकडे गेला. "वहिनी, तुमच्या त्या पत्रांत आहे ना, ते सगळं आमच्या घरातलं आहे. समुद्रातून वर येणारी श्वापदं, सिंहासन, उघडलेली पुस्तकं, तुतारी, जगाला लागणाऱ्या वेणा. आमच्या जुन्या लोकांनी हे लिहिलं तेव्हा परक्या राजाचे शिपाई दारात होते. देव किती दिवस बघत राहणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तुम्ही फक्त एक पाऊल पुढे गेलात. आम्ही म्हणतो, होणार आहे. तुम्ही म्हणता, सुरू झालं."

त्यानं एक जुनी गुंडाळी फळीवर उलगडली. "इथे बोट लावा."

तिला अक्षरं येत नव्हती. पण बोटाला कळलं. सगळीकडे कातडं गुळगुळीत होतं आणि त्या एका जागी खरखरीत, पातळ.

"इथे आकडा होता. किती वर्षं उरली त्याचा. ती वर्षं संपली आणि काही झालं नाही. माझ्या आजोबांनी आकडा खरवडून नवा लिहिला. तोही उलटला. मग बापानं खरवडला. आता इथे आणखी सुरी लावली तर भोक पडेल."

"मग सगळं खोटंच का?"

"खोटं असतं तर मी बापाची पोथी जाळली नसती का? मीही वाटच बघतोय, वहिनी. आकडा सोडून."

"आणि पोटातलं मूल?"

लेखनिकानं एकामागून एक गुंडाळ्या काढल्या. ऊन खिडकीतून सरकत फळीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. शेवटी त्यानं डोळे चोळले.

"नाही सापडत. नसलेलं आहे म्हणून सांगणार नाही तुम्हाला." त्यानं शेवटची गुंडाळी बाजूला ठेवली. "पण एक सांगा. माझा भाऊ आता माती झालाय. त्या मातीतून तो देव त्याला हुडकून काढणार, असं तुम्ही मानता. मीही मानतो. मग अख्खं, धडधडीत जिवंत पोर त्याला पोटात आहे म्हणून दिसणार नाही?"

सुईणीनं त्याच्याकडे पाहिलं. इतकं साधं होतं ते. घरी जाऊन लेकीला आधी हेच सांगायचं, असं ठरवून ती झपाझप निघाली.

कोपऱ्यावरच तिला जावई पळत येताना दिसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सासूबाई! कळा सुरू झाल्या!"

घरात शिडी भिंतीला लावलेली होती. चिमणी चटईवर कुशीवर पडून गुडघे पोटाशी घेत होती. शेजारी पेटी उघडी.

"किती खाल्लंस?"

"नखाएवढं..."

"खरं सांग, चिमणे!"

"बोटभर."

सुईणीच्या हातांनी आपलं काम सुरू केलं. कोमट मिठाचं पाणी लेकीच्या घशाखाली ओतलं, बोट घालून ओकवलं, पुन्हा ओतलं. हात धुऊन, तेल लावून तपासलं. गर्भपिशवीचं तोंड अजून मिटलेलं होतं. पाणी गेलेलं नव्हतं. रक्त नव्हतं. पोट मात्र दगडासारखं ताठ व्हायचं आणि सैल पडायचं. लेकीला डाव्या कुशीवर वळवून तिनं पोटावर कान ठेवला. आत बारीक, घाईघाईची टकटक होती.

तेवढ्यात पडवीतून गाणं ऐकू यायला लागलं. बातमी पसरली होती. मंडळी जमली होती, आणि चार दिवस आधीच लागलेल्या या कळा त्यांना खूण वाटत होत्या.

सुईण बाहेर आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"गाणं बंद करा," ती म्हणाली.

कुणीतरी म्हणालं, "मावशी, ही तर आनंदाची..."

"माझी पोर आत मरायला टेकलीय. तिनं मूळ खाल्लंय. का खाल्लंय ते विचारा यांना." तिनं वाचकाकडे बोट केलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "आणि मला विचारा. मी यांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. यांनी एक घेतली. मी त्या दिवशी ओरडायला हवं होतं. ओरडले नाही, कारण मलाही माझा माणूस परत हवा होता."

वाचक पुढे आला. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"मावशी, कळा खोट्या आहेत की खऱ्या, हे ओळखायचं कसं?"

"ओळखता येत नाही. शेजारी बसून राहायचं. थांबल्या तर खोट्या." ती वळली. "पाणी तापवा कुणीतरी. आणि गलका नको."

मासेवाल्या बहिणींनी चूल पेटवली. जावई उंबऱ्यात बसून राहिला, आत यायची हिंमत न होऊन. आत सुईण लेकीच्या कमरेवर हात फिरवत तिला दिरानं सांगितलेलं सांगत होती. एकदा सांगितलं, कळ आली, पुन्हा सांगितलं. चिमणीनं ऐकलं की नाही ते कळत नव्हतं. एका कळेत तिनं आईच्या मनगटाला नखं रुतवली आणि म्हणाली, "मला नाही काढायचं आता. आई, थांबव ना गं. थांबव."

दिवेलागणीपर्यंत कळांमधलं अंतर वाढलं. मग एक कळ आली ती अर्ध्यातच विरली. त्यानंतर आली नाही. चिमणी झोपली. सुईणीनं पुन्हा पोटावर कान ठेवला, टकटक ऐकली, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

नव्या चंद्राच्या दिवशी तरीही सगळे जमले. धुतलेले कपडे घालून, अनवाणी. वाचकानं काही वाचलं नाही. भूकंप झाला तो प्रहर आला आणि गेला. एका बंद खिडकीची फळी वाऱ्यानं आपटली तेव्हा सगळे दचकले. दुपार झाली, ऊन उतरलं, कुणीतरी लाजत लाजत सुकी भाकर काढली आणि शेजाऱ्याला दिली. सूर्य बुडाला. बंदराच्या वर नखाएवढी चंद्रकोर दिसली आणि खाली एका गलबतावर खलाशी रोजच्यासारखे शिव्या देत दोर ओढत होते.

सुईण परसात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. लेक वाचली म्हणून नव्हे. तो आला नाही म्हणून. मनाशी कितीही समजावलं असलं तरी सकाळी तिनं नवऱ्याचा अंगरखा धुऊन वाळत घातला होता.

त्यानंतर दोघा हमालांनी यायचं सोडलं. कातडीवाला महिनाभर फिरकला नाही, मग एके दिवशी येऊन आपल्या जागेवर बसला. जावयाला वाटलेला वाख मागायला दारोदार जावं लागलं. लोक हसत होते आणि देतही होते. गलबतवाल्यानं चार शब्द सुनावले, मग म्हणाला, दोर तेवढा घट्ट वळ. वाचकानं तो दिवस आणखी तीन गावांच्या मंडळ्यांना कळवला होता. "आता प्रत्येकाला लिहावं लागेल," तो सुईणीला म्हणाला. त्या आठवड्यात त्याच्या खिडकीत दिवसभर पाठमोरी आकृती दिसायची, पत्रावर वाकलेली, मधूनच डोकं हातात धरलेली. शेवटी ती तिन्ही पत्रं घेऊन तो स्वतःच निघाला. चालत. आठ दिवसांची वाट होती, पण दुसऱ्याच्या हाती पाठवायचं त्याला धाडस झालं नाही, की लाज वाटली, हे त्यानं सांगितलं नाही.

दिवस भरले आणि चिमणीला खऱ्या कळा लागल्या, त्या सकाळी दीर आला होता. हातात लोकरीची लहानशी दुलई. दोन वर्षांनी तो त्या घरात पाऊल टाकत होता. बाळंतपण दीड दिवस चाललं आणि तो सगळा वेळ जावयाबरोबर पडवीत बसून राहिला. सैन्य टेकडीखालून हलणार की नाही यावर दोघं बोलले. मुलगी झाली. बारीक, लालभडक, आवाजाला खणखणीत.

दुसऱ्या दिवशी सुईण लेकीच्या पाठीमागे उशी लावून बसली होती. बाहेर जावयाचं चाक कुरकुरत होतं. छावणीतून शिंगाचा आवाज आला, तशी चिमणी एकदम ताठ झाली आणि तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. आवाज थांबला. पहारा बदलला होता, इतकंच.

"आई," ती म्हणाली, "हिच्या आयुष्यात येईल का गं तो दिवस?"

"मला नाही माहीत," सुईण म्हणाली. "तिला दुसऱ्या बाजूला घे. या बाजूचं दूध संपलं."